बोट की स्पोर्ट्स कार? आधी तिथी बघा

पंचेचाळिशी ओलांडली, घराचे हप्ते संपले, मुलं शिकायला बाहेर गेली, की ठाण्याच्या घोडबंदर रोड आणि नवी मुंबईच्या पाम बीचच्या सोसायट्यांतल्या गृहस्थांना दोनपैकी एक खूळ लागतं: दोन दारांची गाडी, नाहीतर बोट. मग क्लबहाउसात तोच तो हिशोब. "सेकंडहँड बोट अन् सेकंडहँड स्पोर्ट्स कार जवळपास एकाच पैशात येतात. मग बोटच घेऊ की, खाडी दारातच आहे!" पैसे सारखे म्हणजे सौदाही सारखा, हे ऐकून कान किटले, म्हणून लिहायला बसलो.

गाडीचं थोडक्यात, कारण ते तुम्हाला पाठ असतं. कराच्या बाबतीत फार फरक शोधू नका. सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाडीला 40 टक्के जीएसटी आहे आणि हौसेच्या याटलाही तेवढाच. गाडीवर वर राज्याचा कर लागतो, 20 लाखांपुढच्या पेट्रोल गाडीला 13 टक्के. बोट आरटीओऐवजी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे नोंदवायची. संपलं. गाडीची खरी कटकट पोटाखाली असते. तिची जमिनीपासूनची उंची साडेचार इंचांच्या आसपास, आणि इंडियन रोड काँग्रेसच्या नियमातला गतिरोधकच 10 सेंटिमीटर उंच, म्हणजे चार इंच. तो निदान 3.7 मीटर रुंद असल्यामुळे गाडी अलगद चढते-उतरते. सोसायटीच्या सेक्रेटरीनं हौसेनं घालून घेतलेला उंचवटा असला कुठलाच नियम पाळत नाही. वेगाचं म्हणाल तर अटल सेतूवर 100 आणि भिवंडीजवळच्या आमण्यापासून पुढे समृद्धी महामार्गावर 120 ची मर्यादा, म्हणजे इंजिनाची निम्मी ताकद कायम बसूनच राहणार. असू दे. पहाटे पाचला जाग आली, चावी उचलली आणि निघालात, हे गाडीच्या बाबतीत खरं आहे.

बोटीच्या बाबतीत ते खरं नाही आणि लोक नेमके इथेच फसतात. बोट तुमच्या नावावर असली तरी निघायचं कधी आणि परतायचं कधी हे पाणी ठरवतं. "भरती-ओहोटी माहीत आहे हो," असं सगळेच म्हणतात. पण माहीत असणं वेगळं आणि आपला रविवार त्यात बसवणं वेगळं.

त्यासाठी ॲपसुद्धा लागत नाही. भिंतीवरचं कालनिर्णय बघा. तिथीच्या आकड्याला तिनानं गुणा, चारानं भागा. येईल ती मुंबई बंदरात पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. दिवसातून दोनदा भरती, त्यामुळे जी वेळ दुपारची तीच थोड्या फरकानं रात्रीची, आणि मधे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. खाडीत ठाण्याच्या दिशेनं जाल तसा थोडा उशीर धरा. कोकणात ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे आणि बोट घ्यायला निघालेल्या दहापैकी नऊ साहेबांना ती ठाऊक नसते.

आता हा हिशोब सुट्टीला लावून बघा. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. सात दिवसांत हा सरकाव जवळजवळ सहा तासांचा होतो. म्हणजे या रविवारी दुपारी बाराला खाडी तुडुंब असेल, तर पुढच्या रविवारी बाराला ओहोटी. "आपण दर रविवारी सकाळी दहाला निघायचं" असा बेत बोटीवर ठरवताच येत नाही.

सगळ्यात जास्त फजिती होते ती पौर्णिमेची. नवा मालक बायको-मित्रांना घेऊन मोठ्या हौसेनं पौर्णिमाच निवडतो. सूर्य मावळतोय, समोरून चंद्र उगवतोय, हा सगळा थाट. दुपारी निघताना पाणी धक्क्याला टेकलेलं असतं, सगळे खूश. पण पौर्णिमा म्हणजे उधाण. दुपारची भरती आणि संध्याकाळची ओहोटी यांत साडेतीन-चार मीटरचा फरक, एका मजल्यापेक्षा जास्तच. संध्याकाळी सहा-साडेसहाला, नेमकं परतायच्या वेळी, खाडीत पाण्याच्या जागी चिखल चकाकत असतो. बोट एका कुशीवर कलंडते, पंखा उघडा पडतो. उतरून ढकलू म्हणाल तर पाय मांडीपर्यंत रुततो. पाणी पुन्हा लागायला रात्रीचे नऊ वाजतात, तोवर डासांना पोसत बसा. सूर्यास्तच बघायचा असेल तर शुद्ध अष्टमीच्या आसपास जा. तेव्हा भांग, म्हणजे उधाणाच्या उलट, असतो, पाणी जेमतेम दीड मीटर वरखाली होतं आणि संध्याकाळी सहाला भरती असते. चंद्र अर्धाच मिळेल, पण घरी जेवायला पोचाल.

आणि हे सगळं आठ-नऊ महिन्यांपुरतंच. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते आणि कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय दर्यात उतरत नाहीत, ते काही उगाच नाही. पावसाळ्याआधी बोट वर ओढून शाकारायची. एरवी दर फेरीनंतर इंजिन गोड्या पाण्यानं धुवायचं, तळाला चढलेलं शेवाळ-शिंपलं खरवडायचं, रंग द्यायचा. यातलं तुम्ही स्वतः काही करणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून तांडेल, म्हणजे बोट चालवणारा-सांभाळणारा माणूस, ठेवावा लागतो, आणि बोट निघो न निघो, त्याचा पगार निघतो. चार महिने तळघरात झाकून ठेवलेली गाडी फार तर बॅटरी उतरवते.

खाडी दारात आहे, हेही तितकंसं खरं नाही. ऐरोली ते वाशी पुलांमधला पश्चिमेकडचा पट्टा 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. ओहोटीला उघडा पडणारा जो चिखल बोटीला नको असतो, त्याच्याच जिवावर ते पक्षी येतात. तिथे इंजिन गरगरवत जायचं नाही, इतकी लाज हवीच. (पाम बीचवर रात्री अकराला सायलेन्सर फोडत जाणाऱ्यांनाही हेच लागू. आणि वीस फुटी फायबरच्या बोटीला 'याट' म्हणणं आता पुरे.) त्यामुळे ठाणेकराची बोट बहुधा गेटवेसमोर नाहीतर मांडव्याला राहते. म्हणजे आधी फ्रीवेनं गाडी हाणा, मग पार्किंग शोधा, मग पाण्यात तरंगणाऱ्या बोयाला बांधलेल्या बोटीपर्यंत छोट्या होडीनं जा.

माझं मत विचाराल तर ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्यानं गाडी विकत घ्यावी आणि बोट गेटवेवरून तासाच्या भाड्यानं. अपवाद एकच: ज्याचं घर अलिबागकडे आहे आणि ज्याला वाट बघत बसायचा कंटाळा नाही, असा माणूस. अशा माणसाला मी गाडीकडे वळवायला जाणार नाही.

तरीही बोटच घ्यायची असेल, तर ती ज्या धक्क्याला उभी राहणार आहे तो धक्का अमावास्येला संध्याकाळी सहाला जाऊन बघा. विकणारा तुम्हाला दुपारी बाराला बोलावेल.