वित्तीय नवकल्पनांच्या इतिहासाची उन्हाळी शाळा: कोल्हापुरातून अर्ज करताना

युरोपातील काही विद्यापीठे आणि संशोधन संस्था उन्हाळ्यात पदव्युत्तर व पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी वित्तीय इतिहासाच्या, म्हणजे पैसा, उधारी, विमा यांची नवी साधने कशी घडली याच्या, छोट्या निवासी शाळा भरवतात. निवेदने बहुधा वर्षाच्या सुरुवातीला निघतात आणि अटी संस्थेगणिक बदलतात, त्यामुळे ज्या शाळेसाठी अर्ज करायचा तिचे निवेदन शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रातील विद्यार्थ्याला बहुतेक ठिकाणी जे करावे लागते, तेवढेच येथे दिले आहे.

प्रवेशासाठी पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना सहसा प्राधान्य असते, एम.ए. किंवा एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात असलेल्यांचा विचार प्रबंधिकेचा विषय नक्की झालेला असेल तर होऊ शकतो. अर्थशास्त्र आणि इतिहास यांबरोबर वाणिज्य, विधी व समाजशास्त्र या शाखाही साधारणपणे चालतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी उगाच संकोच करू नये, कारण जमाखर्चाची वही वाचता येणे ही या विषयात मोठी जमेची बाजू आहे. इंग्रजीसाठी काही संस्था परीक्षेचे गुण मागतात, तर काहींना शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असल्याचे विभागाचे पत्र पुरते.

निवड मुख्यतः ठरते ती संशोधनाच्या टिपणावर, म्हणून सर्वांत जास्त वेळ त्याला द्यावा. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या भागांचा (शेअर्सचा) व्यापार, १६०९ ची ॲमस्टरडॅमची विनिमय बँक, ओसाकातील दोजिमा येथे १७३० मध्ये अधिकृत मान्यता मिळालेला तांदळाचा वायदेबाजार, किंवा १७७४ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये आब्राहाम व्हान केटविख याने उभारलेला सामाईक गुंतवणूक निधी ही या अभ्यासक्षेत्रातील ठरलेली उदाहरणे आहेत. निवड समितीला ती पाठ असतात. टिपणात त्यांचीच उजळणी केली तर हाती काही लागत नाही. त्याउलट आपल्याकडील जोखमी हुंडी (हुंडी म्हणजे रक्कम देण्याची व्यापाऱ्यांची लेखी चिठ्ठी) पाहा: माल सुखरूप पोहोचला तरच तिची रक्कम देय होत असे, म्हणजे उधारी आणि विमा ही दोन्ही कामे एकाच कागदावर होत. अशा एका साधनावर नेमका प्रश्न विचारणारे टिपण लगेच नजरेत भरते. ‘भारतातील वित्तीय नवकल्पनांचा इतिहास’ असा ऐसपैस विषय देण्याऐवजी ‘कोल्हापूरच्या गूळ बाजारात अडत्याने दिलेली उचल आणि पट्टीतून (विक्रीच्या हिशेबातून) होणारी तिची वसुली, संस्थान १ मार्च १९४९ रोजी विलीन होईपर्यंत’ असा विषय द्यावा आणि त्याची साधने कोठे आहेत हे त्याच परिच्छेदात लिहावे. संस्थानकालीन दप्तरे पाहण्यासाठी कोल्हापूरचे पुराभिलेखागार शहरातच आहे. जुन्या पेढ्यांच्या वह्या मात्र घरोघरी पडून असतात, आणि त्या पाहायला मिळाल्या असतील तर मालकांच्या परवानगीसह तसे नमूद करावे. मोडी वाचता येत असेल तर ते परिचयपत्राच्या तळाशी छंदांच्या रांगेत टाकू नये, टिपणातच सांगावे.

शिफारसपत्र बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याने जोडायचे नसते. संस्थेचा दुवा थेट सरांच्या किंवा मॅडमच्या ईमेलवर जातो आणि पुष्कळदा स्पॅममध्ये पडून राहतो. त्यामुळे त्यांचा विद्यापीठाचा किंवा महाविद्यालयाचा अधिकृत ईमेल पत्ता द्यावा, टिपणाचा मसुदा त्यांना आधी वाचायला द्यावा आणि दुवा मिळाल्याची खात्री स्वतः करून घ्यावी.

गुणपत्रकांच्या छायाप्रतींऐवजी एकत्रित ट्रान्सक्रिप्ट मागितले असेल, तर परीक्षा विभागाकडे लवकर अर्ज करावा. येथे एक अडचण नेहमी येते. गुणपत्रकावर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो. आणि लग्नानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींच्या कागदांवर तर दोन वेगवेगळी नावे असू शकतात. अर्जात पासपोर्टवरचेच नाव लिहावे आणि फरक असल्यास दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे. मराठीतील दाखल्यांना प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे.

पासपोर्ट नसेल तर निवडीची वाट पाहत बसू नये. कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडे येतो. प्रौढांसाठी ३६ पानी पासपोर्टचे साधारण शुल्क १,५०० रुपये असून तत्काळसाठी आणखी २,००० रुपये लागतात. मूळ गाव गडहिंग्लज किंवा चंदगडकडे आणि मुक्काम शहरातल्या वसतिगृहात, अशी स्थिती असेल तर पोलीस पडताळणी कोणत्या पत्त्यावर होणार याचा विचार अर्ज भरतानाच करावा.

निवडपत्र आल्यावर, शाळा शेंजेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर जाता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) असल्यास, व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो किमान १५ दिवस आधी दाखल व्हावा लागतो. निर्णयाला क्वचित ४५ दिवसही लागतात. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोऱ्या पानांचा हवा, तर वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. निवडपत्रात राहण्याजेवणाचा खर्च संस्था करणार असल्याचे स्पष्ट लिहून घ्यावे. उरलेल्या खर्चासाठी पालकांचे बँक विवरण आणि हमीपत्र जोडावे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरली तर तपासणाऱ्याला शंका येते. विद्यापीठाचे बोनाफाइड आणि मार्गदर्शकांचे ना-हरकत पत्र ही परत येण्याची कारणे म्हणून उपयोगी पडतात. प्रौढांसाठी व्हिसाचे शुल्क ९० युरो आहे. मात्र शिक्षण किंवा प्रशिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना शेंजेनच्या नियमांनुसार ते माफ असते. ही सवलत पुष्कळांना माहीत नसते, म्हणून खिडकीवर पैसे भरण्यापूर्वी निवडपत्र दाखवून ती मागावी. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क मात्र वेगळे असते.