पालकांनी लिहून दिलं तरी छडी चालत नाही

‘पालकांनी लिहून दिलं, तर शिक्षकांना मुलाला मारायची मुभा असते’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. ‘गुरुजी, चुकला तर द्या दोन रट्टे’ असं पालक काळजीपोटीच म्हणतात, त्यामुळे तो खराही वाटतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम १७ स्वतः काढून वाचा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हींची मनाई आहे. पालकांच्या संमतीचा अपवाद त्यात कुठेच नाही. उलट शिक्षा करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते.

मला यातला ‘मानसिक’ हा शब्द फार मोलाचा वाटतो. बोटांवर पट्टी नाही मारली, पण फळ्यापाशी उभं करून सगळ्यांदेखत ‘ढ’ म्हटलं, तरी ते मूल उत्तर येत असूनही हात वर करायचं थांबतं.