नवऱ्याची सही लागत नाही: नागपुरात महिलांनी व्यसनमुक्ती उपचारासाठी भरती कसं व्हावं

बाई १८ वर्षांवरची असेल आणि उपचार कशाचे हे तिला समजत असेल, तर भरतीच्या अर्जावर तिची एकटीची सही पुरते. नवऱ्याची, सासऱ्याची संमती मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मागत नाही. दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास याच कायद्यात येतात. "सोबत घरचं कोणी नाही का?" असं खिडकीवर विचारलंच, तर कलम ८६ दाखवा.

सुरुवात मानसोपचाराच्या ओपीडीतून करा: मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मिहानचं एम्स किंवा प्रादेशिक मनोरुग्णालय. केसपेपर सकाळीच काढा. रोज पिणाऱ्या बाईची दारू घरीच एकदम तोडून "चार दिवस बघू" असं करू नका. फिट येतात, दोन-तीन दिवसांत भ्रम होतो, जिवावरही बेततं. नुसता खर्रा सोडायचा असेल तर सहसा भरती लागत नाही. १८००-११-२३५६ या तंबाखूमुक्ती क्रमांकावर फोन करा.

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावरची व्यसनमुक्ती केंद्रंही आहेत, पण त्यातली बरीचशी पुरुषांसाठीच. त्यामुळे बॅग भरण्याआधी १४४४६ वर फोन लावून महिलांचा वेगळा वॉर्ड कुठे आहे ते विचारा. खासगी केंद्र असेल तर नोंदणी प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय पैसे भरू नका. साखळीने बांधून ठेवणं कायद्याने बंद आहे, कोणी कितीही "शिस्त" म्हणो.

आधार, रेशनकार्ड, जुने केसपेपर आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. झोपेच्या गोळ्या बहुतेक जणी लपवतात. डॉक्टरांना मात्र त्या कळायलाच हव्यात. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल, तर तेही आधीच सांगा. दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला सरकारी किंवा सरकारी अनुदानाच्या ठिकाणी उपचार मोफत आहेत, कार्ड हातात असो वा नसो.

आणखी एक कागद घरूनच करून न्या. साध्या कागदावर आपला नामनिर्देशित प्रतिनिधी (गरज पडली तर आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती) लिहायचा आणि खाली सही किंवा अंगठा. बहीण, मैत्रीण, शेजारीण, कोणीही सज्ञान व्यक्ती चालते, फक्त तिची तयारी हवी. बाई निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर कलम ८९ खाली हाच प्रतिनिधी अर्ज करतो. दोन तज्ज्ञ वेगवेगळं तपासतात, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. ही भरती जास्तीत जास्त ३० दिवसांची. नाव आधी लिहिलेलं नसेल, तर ही जागा बहुधा नातेवाइकाकडे जाते, आणि ज्याच्या मारहाणीने बाटली हातात आली तोच तिथे बसू शकतो.

लेकरू तीन वर्षांच्या आतलं असेल तर कलम २१ प्रमाणे त्याला सहसा आईपासून तोडत नाहीत. आईच्या आजारामुळे किंवा वागण्यामुळे बाळाला धोका आहे असं मानसोपचारतज्ज्ञांना वाटलं, तरच वेगळं ठेवतात, आणि तो निर्णय दर १५ दिवसांनी पुन्हा तपासावा लागतो. भरतीआधीच वॉर्डच्या सिस्टरला विचारून ठेवा, म्हणजे दूध-लंगोटांची सोय होते.

स्वतःच्या सहीने आलेली बाई स्वतःच डिस्चार्ज मागू शकते. धोका वाटला तर डॉक्टर तपासणीसाठी २४ तासांपर्यंत थांबवू शकतात.