ग्रामसैनिकांच्या युद्धसेवेचा शोध (इंग्लंड)

इंग्लंडमधील एखाद्या खेड्यातून युद्धावर गेलेले शेतमजूर, गवंडी, घोडेवाले अशा साध्या शिपायांची सेवा कागदोपत्री उभी करण्याचा स्थानिक इतिहासातील एक प्रकार. मुख्य भर पहिल्या महायुद्धावर (१९१४–१८). काम बहुतेक हौशी मंडळीच करतात.

शोधाचा आरंभ साधारणतः चर्चच्या आवारातल्या, युद्धात पडलेल्यांची नावे कोरलेल्या दगडी क्रुसापाशी होतो. १९१५ पासून मृतदेह मायदेशी आणण्यास बंदी होती. त्यामुळे गावात थडगे नाही आणि त्याची जागा क्रुसाने घेतली. मात्र त्यावरील यादी सरकारी नव्हे. गावच्या समितीने वर्गणी काढून, घरोघर विचारून ती केली. कोणाला ‘गावचा’ म्हणायचे याचा नियम प्रत्येक ठिकाणी निराळा होता. एकाच शिपायाचे नाव जन्मगावी, सासुरवाडीला आणि कामाच्या ठिकाणी अशा तिन्ही जागी सापडते, तर दुसऱ्याचे कुठेच नसते. युद्धमृतांची थडगी आणि स्मारके सांभाळण्यासाठी १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाने ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे मृत्यू धरले. गावच्या समितीवर असे बंधन नव्हते. म्हणून दोन्ही याद्या जुळत नाहीत, आणि जुळल्या नाहीत म्हणून गावची यादी चुकीची ठरवणे घाईचे होईल.

खरी अडचण दप्तराची. सैनिकांच्या सेवापत्रिका लंडनच्या वॉलवर्थ भागात आर्नसाइड स्ट्रीटवरील कोठारात होत्या. सप्टेंबर १९४० मधील जर्मन बाँबहल्ल्यात कोठार पेटले. किती वाचले याविषयी एकमत नाही. सुमारे ४० टक्के हा आकडा रूढ आहे, काही अभ्यासक त्याहून कमी धरतात. वाचलेल्या पत्रिकांत एखाद्याच्या नावावर एकच करपलेला तुकडा असतो हे पाहता कमी आकड्याकडे कल ठेवणे बरे. निवृत्तिवेतन खात्याकडे स्वतंत्र राहिलेल्या कागदांमुळे ही तूट अंशतः भरून निघते. पण ते मुख्यतः जखमी वा आजारी होऊन सुटलेल्यांचे. धडधाकट परतलेल्याचा माग त्यांत क्वचितच लागतो.

पत्रिका जळाली असेल तर मृत सैनिकाच्या भरतीचा काळ हिशेबातून काढता येतो. शिपायाच्या शिल्लक पगाराच्या नोंदवह्यांत वारसाला दिलेल्या युद्धोपदानाची (युद्धसेवेबद्दलच्या एकरकमी बक्षिसीची) रक्कम आढळते. परदेशी सेवा केलेल्या साध्या शिपायास पहिल्या बारा महिन्यांचे ५ पौंड आणि पुढे दरमहा १० शिलिंग असा दर होता. अपुरा महिना पुरा धरीत. समजा, १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत पडलेल्याच्या नावे ८ पौंड १० शिलिंग आहेत. ५ पौंड वजा जाता ७० शिलिंग उरतात (२० शिलिंगांचा एक पौंड), म्हणजे सात महिने. एकूण सेवा एकोणीस महिन्यांपर्यंत, अर्थात भरती डिसेंबर १९१४ च्या आसपास. ४ ऑगस्ट १९१४ पूर्वीची नोकरी या हिशेबात येत नाही, म्हणून जुन्या कसलेल्या शिपायाला ही रीत लागू करताना जपावे लागते.

जिवंत परतलेल्यांसाठी सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे १९१८ ची अनुपस्थित, म्हणजे सेवेमुळे घरापासून दूर असलेल्या मतदारांची यादी. त्या वर्षीच्या मताधिकार कायद्यामुळे ती तयार झाली. घरचा पत्ता, पलटण आणि शिपाई क्रमांक एकाच ओळीत देणारी ही यादी गाव आणि सैन्य यांना जोडणारा दुवा होय. दुर्दैवाने सर्व मतदारसंघांच्या याद्या टिकलेल्या नाहीत. क्रमांक हाती आला की पदकपत्र, म्हणजे शिपायाला मिळालेल्या पदकांची नोंद असलेले कार्ड, सापडते. तेथेही एक खोच आहे. प्रादेशिक दलाच्या (अर्धवेळ स्वयंसेवक सैन्याच्या) शिपायांना १९१७ च्या आरंभी नवे सहा आकडी क्रमांक मिळाले, त्यामुळे एकच माणूस दोन वाटू शकतो. पलटणीच्या युद्धदैनंदिनीत अधिकारी नावानिशी येतात, शिपाई मात्र ‘इतर दर्जाचे ४ जखमी’ अशा आकड्यात.

पदकांवरून चुकीचा निष्कर्ष निघण्याचे एक उदाहरण भारताशी निगडित आहे. १९१४ च्या शरदात वेसेक्स आणि होम काउंटीज या प्रादेशिक डिव्हिजन भारतात आल्या. डेव्हन, सॉमरसेट, हॅम्पशरच्या खेड्यांतली पोरे त्यांत होती. काही पुढे मेसोपोटेमियात गेली. पण जो युद्ध संपेतो येथील छावणीतच राहिला त्याला एकटे ब्रिटिश युद्धपदक मिळाले, कारण इतर युद्धपदके प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात गेलेल्यांनाच मिळत. ते पाहून ‘हा उशिरा भरती झाला’ असे ठरवणे चूक. भारतात वारलेल्या आणि ज्यांची थडगी आता राखता येत नाहीत अशा १,८०० हून अधिक सैनिकांची नावे पुण्याजवळ खडकीच्या स्मारकावर आहेत. महाराष्ट्रातील काही गावांत या युद्धाच्या सरकारी शिळा आहेत. त्यांवर गावातून किती गेले आणि किती पडले एवढा आकडाच असतो, नावे नसतात. तेथे इंग्लंडची पद्धत पहिल्याच पायरीला अडते.

ज्या गावचे सर्व जण परतले त्यास ‘कृतज्ञ गाव’ म्हणतात. ही संज्ञा १९३० च्या दशकात आर्थर मी या लेखकाने रूढ केली. त्याने अशी ३२ गावे असावीत असा अंदाज केला, मात्र खात्रीने २४ च सांगता आली. अलीकडील याद्यांत इंग्लंड आणि वेल्स मिळून ५० हून अधिक गावे येतात. ही वाढ काही अंशी नव्या शोधामुळे, तर काही अंशी ‘गाव’ म्हणजे वस्ती की पॅरिश (स्थानिक कारभाराचा ठरावीक हद्दीचा विभाग) या व्याख्येमुळे दिसते. ग्लॉस्टरशरमधील अपर स्लॉटर हे दोन्ही महायुद्धांत कृतज्ञ राहिलेल्यांपैकी एक.

दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांची संरक्षण खात्याकडील कागदपत्रे २०२२ पासून टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जात आहेत. १९३१ च्या जनगणनेचे कागद १९४२ मध्ये जळाल्यामुळे त्या पिढीची घरे शोधताना सप्टेंबर १९३९ च्या नागरिक नोंदणीचाच मुख्य आधार घ्यावा लागतो.