जुन्या मोटारीवर घरी काम सुरू करण्यापूर्वी: व्हिंटेज नोंदणी, फेरबदलाचे नियम आणि कागदपत्रे

वर्षानुवर्षे कापडाखाली झाकून ठेवलेली फियाट किंवा अ‍ॅम्बॅसेडर स्वतःच्या हाताने पुन्हा उभी करावी, असे ठरवणाऱ्या नवशिक्याच्या डोक्यात सर्वप्रथम रंग, चाके आणि इंजिन हेच विषय असतात. प्रत्यक्षात पहिला निर्णय कागदावरचा असतो आणि तो बोल्टला पाना लावण्यापूर्वीच घ्यावा लागतो. भारतातील मोटार वाहन कायद्यानुसार जुन्या मोटारीपुढे दोन वाटा आहेत. एक म्हणजे मोटार मूळ रूपात जपून तिची ‘व्हिंटेज मोटार वाहन’ म्हणून नोंदणी करणे आणि दुसरी म्हणजे सर्वसाधारण नोंदणी चालू ठेवून, कायद्याला मान्य असतील तेवढेच बदल करून ती रस्त्यावर वापरणे. या दोन वाटा एकाच मोटारीवर एकत्र नांदत नाहीत, कारण दुसऱ्या वाटेवर उत्साहाच्या भरात केलेले काम पहिली वाट कायमची बंद करू शकते.

व्हिंटेज नोंदणीची तरतूद केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये समाविष्ट केली. तिच्यानुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि मोठे फेरकाम न झालेली दुचाकी किंवा चारचाकी या वर्गात येते. वय मोजताना पहिल्या नोंदणीची तारीख धरली जाते. ती नोंदणी परदेशात झालेली असली तरी चालते. म्हणजे डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आलेल्या मारुती ८०० च्या अगदी पहिल्या गाड्यांनाही यासाठी २०३३ सालाच्या अखेरपर्यंत थांबावे लागेल. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नोंदलेली प्रीमियरची फियाट मात्र वयाच्या अटीत आज बसते.

वयापेक्षा दुसरी अट अधिक अवघड आहे. चासी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन या तिन्हींपैकी कशातही केलेला बदल हा मोठ्या फेरकामात मोडतो. मूळचे १०८९ सीसीचे इंजिन काढून त्या जागी नंतरच्या काळातील दुसऱ्या मोटारीचे इंजिन आणि गिअरबॉक्स बसवण्याची कल्पना गॅरेजमध्ये अगदी सहज सुचवली जाते, ‘सुटे भाग कुठेही मिळतील’ हे कारणही पटण्यासारखे असते, पण तसे केल्यावर ती मोटार या वर्गासाठी अपात्र ठरण्याचा धोका असतो. छप्पर कापून उघडी मोटार करणे, मागचा भाग कापून मालवाहू ट्रे बसवणे किंवा चासी लांबवणे यांचेही तेच. पिस्टन रिंग, क्लच प्लेट, ब्रेकची रबरे, वायरिंग, गंजलेल्या तळपत्र्याची तशाच जाडीच्या पत्र्याने केलेली डागडुजी ही कामे दुरुस्तीची आहेत, असे मी मानतो. तरीही काम सुरू करण्यापूर्वी आणि काम चालू असताना तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण तपासणीच्या वेळी ‘मूळ काय होते’ हे दाखवण्याची जबाबदारी मालकावरच येते.

या वर्गासाठी अर्ज नमुना २० मध्ये करायचा असतो. त्यासोबत विम्याची पॉलिसी, विहित शुल्क, मोटार पूर्वी भारतात नोंदलेली असल्यास जुने नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजेच आपण ज्याला आरसी बुक म्हणतो ते, आणि आयात केलेली असल्यास सीमाशुल्क विभागाचे आयातपत्र जोडावे लागते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि पुढील पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये असून नोंदणी १० वर्षे वैध राहते. सर्व काही नियमानुसार असेल तर प्राधिकरणाने ६० दिवसांच्या आत नमुना २३-अ मध्ये प्रमाणपत्र द्यावे, अशी तरतूद आहे. आधी नोंदलेल्या मोटारीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो, आणि जुन्या मालिकेतल्या क्रमांकाचे आकर्षण ज्यांना आहे त्यांच्यासाठी ही सवलत शुल्कापेक्षाही मोलाची ठरते. नव्याने क्रमांक घेणाऱ्या मोटारीला राज्याच्या संकेताक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे, मग दोन अक्षरांची मालिका आणि चार अंक असा क्रमांक मिळतो.

या नोंदणीची किंमत वापरावरच्या मर्यादेत मोजावी लागते. व्हिंटेज मोटार रोजच्या ये-जा करण्यासाठी किंवा व्यावसायिक कारणासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या मोटारींची रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कामांसाठी ती बाहेर काढता येते. लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने देण्याचा विचार असेल तर हा वर्ग तुमच्यासाठी नाही. दर रविवारी कुटुंबाला घेऊन लांबवर फिरून यायचे, एवढाच साधा हेतू असेल तरीही सर्वसाधारण नोंदणी चालू ठेवणेच शहाणपणाचे आहे.

दुसऱ्या वाटेवर मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आडवे येते. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि निर्मात्याने मूळात ठरवलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये, हा या कलमाचा गाभा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात त्याचा हाच कडक अर्थ कायम केला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द पुन्हा एकदा वाचावेत. इंजिन, छप्पर आणि आसनसंख्या बदललेल्या मोटारीत ते तीन वेगळे बदल मोजले जाऊ शकतात.

कोणता बदल तपशिलात येतो, हे ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे स्वतःचे आरसी बुक समोर उघडून एकेक ओळ वाचणे. चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, इंधनाचा प्रकार, सिलिंडरची संख्या, घनक्षमता, बॉडीचा प्रकार, आसनसंख्या, रंग आणि रिकाम्या वाहनाचे वजन त्यात लिहिलेले असते. यांपैकी एकाही ओळीला धक्का न लावणारी कामे, जसे की आसनांवर नवी खोळ शिवणे, लाकडी डॅशबोर्डला पॉलिश करणे, गालिचा, रेडिओ किंवा क्रोमचे काम, नवशिक्याने निर्धास्तपणे करावीत, आणि खरे तर हात बसावा म्हणून सुरुवातही याच कामांपासून करावी.

ज्या बदलांना वाव आहे त्यांच्यासाठी ‘वाहन’ पोर्टलवर वाहनातील फेरबदलाच्या सेवेतून अर्ज करता येतो. अर्ज ज्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या हद्दीत मालक राहतो तिथे जातो आणि मोटार प्रत्यक्ष तपासणीसाठी न्यावी लागते. रंग बदलल्यास त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी. खराब झालेल्या इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन बसवायचे असल्यास आधी मान्यता घ्यावी आणि इंजिन खरेदीची पावती जपावी. भंगारबाजारातून पावतीशिवाय उचललेल्या इंजिनाचा क्रमांक कोणत्या गाडीचा निघेल याची खात्री नसते. मान्यतेशिवाय बदल झालाच असेल, तर १४ दिवसांच्या आत कार्यालयाला कळवून आरसी आणि शुल्क सादर करण्याचे बंधन याच कलमात आहे. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर मोटार चालवण्यासाठी रूपांतर संच बसवण्यास कायदा वाव देतो, मात्र संच मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने त्या वाहनासाठी मंजूर केलेला असावा लागतो. पुण्यातील एआरएआय ही अशी एक संस्था आहे. घरी जुळवलेल्या इलेक्ट्रिक मोटर आणि बॅटरीच्या जोडणीला, ती कितीही उत्तम चालत असली तरी, या वाटेने मान्यता मिळत नाही.

अनेक अर्ज अडतात ते मालकीच्या मुद्द्यावर. मोटार आजोबांच्या नावावर असते, आजोबा जाऊन वीस वर्षे झालेली असतात आणि नातू फेरबदलाचा अर्ज घेऊन खिडकीपाशी उभा असतो. मालकाच्या मृत्यूची माहिती ३० दिवसांत द्यायची आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये वारसाने हस्तांतरणाचा अर्ज करायचा, असा नियम आहे. त्याला मृत्यूचा दाखला, आरसी, विमा आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. इतर वारसांची लेखी संमती आधीच घेऊन ठेवावी. मोटार विकत घेतलेली असल्यास नमुना २९ व ३०, दुसऱ्या राज्यातून किंवा दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीतून आणलेली असल्यास नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र, आरसी हरवली असल्यास पोलिसांकडील तक्रारीसह नमुना २६ आणि फार पूर्वीच्या कर्जाचा बोजा नोंदीत तसाच राहिला असल्यास नमुना ३५ भरावा लागतो.

तपासणीच्या वेळी चासी क्रमांकाचा पेन्सिल प्रिंट मागितला जातो. कोरलेल्या अंकांवर पातळ कागद धरून वरून पेन्सिल आडवी फिरवली की अंक उमटतात. नवशिक्याच्या हातून सर्वांत मोठी चूक होते ती इथेच: गंज काढताना ग्राइंडर त्या पट्टीवरूनही फिरतो किंवा प्रायमरचे तीन-चार थर बसून खाचा बुजतात. अंक अस्पष्ट झालेल्या मोटारीकडे संशयाने पाहिले जाते आणि पुढची सगळी फाइल थांबते. म्हणून पत्र्याचे काम काढण्यापूर्वी तो भाग शोधून, रॉकेल लावलेल्या फडक्याने पुसून, त्याचा प्रिंट आणि छायाचित्र घ्यावे, मग त्यावर ग्रीसचा हात देऊन टेप चिकटवावी.

सर्वसाधारण नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नमुना २५ भरून वाढवावी लागते. मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत हा अर्ज करता येतो. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी हे शुल्क १०,००० रुपये झाले आहे आणि महाराष्ट्रात त्याखेरीज पर्यावरण कर भरावा लागतो. पीयूसीची तपासणी दर सहा महिन्यांनी होते. जुन्या पेट्रोल मोटारींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, त्यामुळे कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू, म्हणजे पेट्रोल आणि हवेचे प्रमाण ठरवणारा स्क्रू, अंदाजाने फिरवण्याआधी तो किती आटे आत होता हे मोजून लिहून ठेवावे. मान्य झालेला प्रत्येक बदल विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर चढवून घ्यावा.