झऱ्याच्या बादलीपासून पाण्याचं नियोजन

कोकणात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे हेक्टरी ३ कोटी लिटर पाणी. तरी एप्रिलमध्ये वाडीत टँकर लागतो. इथले डोंगरउतार तीव्र आणि नद्या आखूड. जांभ्याच्या, म्हणजे इथल्या तांबड्या सच्छिद्र दगडाच्या, भेगांतून जिरलेलं पाणी खालच्या चिकण थरावर अडतं, त्यावरून सरकत झऱ्यातून बाहेर पडतं, आणि पाऊस थांबला की झरा बारीक होत जातो.

म्हणून वीस वर्षांचा आराखडा करताना आधी झरा मोजावा. पन्हळीखाली १० लिटरची बादली धरा, भरायला लागलेले सेकंद नोंदवा, तीनदा मोजून सरासरी काढा. नोव्हेंबरमध्ये २० सेकंद लागले तर दिवसाला ४३,२०० लिटर. माणशी ५५ लिटर धरले तर ७८५ जणांची सोय. तीच बादली एप्रिलमध्ये ४ मिनिटं घेत असेल, तर दिवसाला ३,६०० लिटर, जेमतेम ६५ जणांपुरतं. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, त्याच जागी मोजा आणि शेजारी पर्जन्यमापकाची नोंद ठेवा. एका वर्षाच्या आकड्यावर योजना बेतू नये. एखादं साल चांगलं जातंच.

आता पाणी जिरवायला उतारावर आडवे खणायचे चर. ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल चरात मीटरमागे १८० लिटर मावतात. हेक्टरी ५०० मीटर खणले तर ९०,००० लिटर, म्हणजे एका भरण्यात फक्त ९ मिलिमीटर पाऊस. हवामान खातं २४ तासांत २०४.५ मिलिमीटरच्या पुढच्या पावसाला अतितीव्र म्हणतं, आणि तापत्या हवेत बाष्प जास्त मावत असल्याने असे दिवस वाढण्याचा धोका आहे. तेव्हा जास्तीचं पाणी दगडी सांडव्यातून वहाळात, म्हणजे ओढ्यात, उतरवणं चराइतकंच महत्त्वाचं. सांडवा नसेल तर चराकडेचा बांध फुटतो आणि खाली घळ पडते.

वस्तीच्या डोक्यावरच्या, जाड मातीच्या तीव्र उतारावर मात्र चर खणूच नयेत. भिजलेली माती जड होते, तिची पकड सुटते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळियेवर मुसळधार पावसात दरड कोसळली, हे आराखडा करणाऱ्याने कायम लक्षात ठेवावं. अशा उतारावर झाडं राखा, पाणी बाजूने काढा. जिरवायचं काम सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळपठारावर, भेगाळ कातळाजवळ करा.

वहाळावरचा वनराई बंधारा, म्हणजे माती-वाळूच्या गोणींचा तात्पुरता बांध, ऑक्टोबरअखेर, धार चालू असतानाच घाला. डिसेंबरात उशीर झालेला असतो. गोणी दोन तृतीयांश भरून शिवा आणि विटांसारखे सांधे मोडत रचा. तळातली वाळू-गोटे उपसून गोणी पक्क्या थरावर बसवा, नाहीतर पाणी खालून निसटतं. मेअखेर गोणी काढा, नाहीतर पहिल्याच पुरात वहाळ काठ कापून शेतात शिरतो.