पहिल्या पानावरचं छोटं, आतल्या पानावरचं मोठं

संप चिघळला की पेपरात त्यावर दोन प्रकारची चित्रं यायला लागतात. एक पहिल्या पानावर, एका कॉलमात मावणारं. दुसरं आत, अग्रलेखाच्या शेजारी, तीन-चार कॉलम अडवून बसलेलं. आपण दोन्हींना सरसकट ‘कार्टून’ म्हणतो आणि मोठं म्हणजे छोट्याचंच फुगवलेलं रूप, असं धरून चालतो. पण दोघांचे धंदे वेगळे आहेत. भांडणाची झळ कुणाच्या दारात पोचली, हे छोटं दाखवतं. भांडण मुळात कुणाचं कुणाशी आहे आणि त्यात कोण कुणाला खेळवतंय, हे मोठं दाखवतं. संपावरची चित्रं वाचताना हा फरक लक्षात नसेल तर चित्रकार कामगारांच्या बाजूचा की सरकारच्या, याचा अंदाज हमखास चुकतो.

छोट्याला पॉकेट कार्टून म्हणतात. १९३९ मध्ये लंडनच्या ‘डेली एक्स्प्रेस’मध्ये ऑस्बर्ट लँकेस्टर यांनी ते सुरू केलं. आपल्याकडे त्याचा चेहरा म्हणजे आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, टकलाच्या कडेला उरलेले केस. १९५१ पासून तो ‘टाइम्स ऑफ इंडिया’त उभा राहिला, पण बोलला कधीच नाही. बोलतात ते बाकीचे: मंत्री, साहेब, बायको, शेजारी. हा नुसता बघतो.

पॉकेट कार्टूनची सगळी मांडणी अशीच असते. दोन-चार माणसं, ओळखीची जागा आणि खाली एक ओळ. मंत्री असला तरी तो बहुतेक वेळा कुठला तरी मंत्री असतो, टोपी आणि पोट एवढीच त्याची ओळख. बातमी ताजी असतानाच चित्र छापून जायला हवं, त्यामुळे नटवायला ना वेळ असतो ना जागा. विनोद ओळीत असतो आणि चित्र त्या ओळीला उभं राहायला जागा देतं.

मोठ्याचं उलट. तिथे रूपक लागतं आणि खरा, ओळखू येणारा चेहरा लागतो. चेहऱ्यातलं नाक-हनुवटी ताणून काढलेलं अर्कचित्र हे स्वतंत्र कसब आहे. मोठ्या चित्रात ते सतत वापरलं जातं, छोट्यात क्वचित. बाळासाहेब ठाकरे आणि लक्ष्मण एके काळी ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये सहकारी होते. ठाकऱ्यांवर डेव्हिड लो या ब्रिटिश व्यंगचित्रकाराचा मोठा प्रभाव होता. १९६० मध्ये त्यांनी ‘मार्मिक’ काढलं, १९६६ मध्ये पक्ष काढला. मोठ्या चित्राला उघड बाजू घ्यावी लागते, ती सवय कुठवर नेऊ शकते याचं याहून ठळक उदाहरण नाही. (लक्ष्मण मोठी चित्रंही तितकीच दमदार काढायचे. लोकांच्या मनात मात्र छोटंच राहिलं.)

ओळखायची एक सोपी चाचणी आहे. खालची ओळ बोटानं झाका. छोटं असेल तर दोन माणसं नुसती उभी दिसतील, काही कळणार नाही. मोठं असेल तर ओळीशिवायही निम्मं-अधिक कळेल.

एसटीचा संप घ्या. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस पेटलेला, राज्य सरकारात विलीनीकरण ही मुख्य मागणी. एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं २२ तारखेपर्यंत कामावर हजर व्हा म्हणून सांगितलं, तोवर तो रेंगाळला. कार्तिकी एकादशी त्यातच आली. सोलापूर स्टँडवरून पंढरपूर सत्तर-बहात्तर किलोमीटर, पण गाडी नाही. इथलं पॉकेट कार्टून मी असं काढीन: रिकाम्या फलाटावर तुळशीमाळ घातलेले दोन म्हातारे, एक दुसऱ्याला म्हणतोय, “त्यांचं विलीनीकरण व्हायचं तेव्हा होईल, आमचं पांडुरंगात कधी व्हायचं?” ओळ झाकली की उरतात नुसते दोन म्हातारे.

मोठं काढायचं तर लालपरी भर रस्त्यात उभी. सरकार तेव्हा तीन पक्षांचं होतं, म्हणून गाडीला तीन स्टिअरिंग, तीन चालक, तीन दिशांना ओढताहेत. मागचं चाक पंक्चर. त्याखाली जॅकच्या जागी कंडक्टर स्वतः ओणवा, पाठीवर गाडीचं वजन, गळ्यात तिकिटाचं मशीन. याला ओळ कशाला हवी?

आता या दोन चित्रांत संपकरी कुठे आहे ते बघा. पहिल्यात तो नाहीच, त्याच्या संपानं अडलेला प्रवासी आहे. ही पॉकेट कार्टूनची जुनी खोड. त्याचा नायक गिऱ्हाईक असतो, मध्यमवर्गीय, रांगेत उभा. त्यामुळे कुठलाही संप तिथे ‘गैरसोय’ होऊनच येतो. चित्रकार कामगारविरोधी असलाच पाहिजे असं नाही, चौकटच तशी आहे. दुसऱ्यात कामगार आहे, पण माणूस म्हणून नाही, जॅक म्हणून.

मोठ्या चित्रांचा इतिहासही हेच सांगतो. १८४३ मध्ये ‘पंच’ या लंडनच्या विनोदी साप्ताहिकानं भांडवल आणि श्रम यांवर एक चित्र छापलं: वरच्या अर्ध्या भागात ऐषआरामात लोळणारे मालक, खालच्या अर्ध्यात खाणीत राबणारे जीव. पानाची आडवी फाळणी हीच टीका. पुढे ‘डेली हेरल्ड’ या ब्रिटनमधल्या कामगारांच्या बाजूच्या दैनिकात विल डायसननं कामगार काढला तो ताठ, तरणाबांड, आणि भांडवलदार काढला तो हॅट घातलेला लठ्ठ. वर आलेल्या डेव्हिड लोनं ब्रिटनच्या कामगार संघटनांच्या महासंघाला गाडी ओढणारा थोराड घोडा केलं: ताकद प्रचंड, चाल संथ, स्वभाव हेकट. डायसन चाहता होता, लो चिमटा काढणारा, पण दोघांनाही कामगार म्हणजे काहीतरी अवाढव्य लागला. मोठ्या चौकटीत किरकोळ माणूस हरवतो.

सोलापुरात ही अडचण फार जाणवते. कामगार म्हटलं की चित्रकाराचा हात आपोआप तीन गोष्टींकडे जातो: वळलेली मूठ, गेटवरचं कुलूप, गिरणीची चिमणी. जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, जाम या गिरण्या भोंग्यावर शहर चालवत होत्या तेव्हा ते ठीक होतं. आज इथला कामगार यंत्रमागाच्या शेडमध्ये आहे, आणि त्याहून जास्त घराच्या उंबऱ्यावर आहे. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन बसते, कारखान्यातून आणलेलं पान कात्रीनं कापते, तंबाखू भरते, दोरा गुंडाळते. मजुरी दर हजार विड्यांमागे. विड्या जमा करायला गेली की खराब म्हणून काही बाजूला काढतात, ती छाट. तिच्या भांडणाला गेट नाही, कुलूप नाही, भोंगा नाही. मूठ वळलेली काढावी तर हातात पान आहे.

तिचा प्रश्न मोठ्या चित्रात बसवायला गेलं की तिची भारतमाता होते किंवा राक्षसाच्या पायाखालची मुंगी. दोन्ही खोटं. इथे छोटंच कामाला येतं, हे मला उशिरा पटलं, पण आता पक्कं पटलंय. उंबऱ्यावर दोन बायका. एक म्हणते, “सरकारनं म्हणे किमान वेतन ठरवलंय.” दुसरी मान वर न करता, “ठरवू दे की. छाट किती काढायची ते कोण ठरवतंय?” एवढ्यात सरकार, मालक आणि हजाराचा हिशेब तिन्ही आले. अट एकच, बोलणारी ती हवी. कॉमन मॅनच्या जागी तिला मुकी उभी केली तर काही उपयोग नाही.

सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीचं प्रकरण मात्र दोन्ही चौकटींना सारखंच सोपं होतं. विमानतळाला अडथळा म्हणून १५ जून २०२३ रोजी ती पाडली, सभासद आणि कामगारांचा विरोध असताना. ‘चिमणी उडाली, विमान कधी उडणार?’ ही ओळ तेव्हा रिक्षात बसल्या बसल्याही सुचली असती. म्हणूनच चांगल्या व्यंगचित्रकारानं ती टाळायला हवी.

सीमारेषा अर्थात पुसटही होते. १० डिसेंबर १९७५ च्या ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अबू अब्राहम यांनी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद बाथटबमध्ये बसून अर्धवट उघड्या दारातून सही केलेला कागद बाहेर देताना दाखवले. आणखी वटहुकूम असतील तर थांबायला सांगा, अशा अर्थाची ओळ खाली. चेहरा खरा, रूपक पक्कं, आणि तरी ओळ झाकली तर धार निम्मी. आणीबाणीत हे छापून आलं, हे विशेष.

एका कामगार वादावर मात्र ना छोटं चित्र फारसं दिसतं, ना मोठं. पत्रकारांच्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१४ मध्ये उचलून धरल्या. त्यानंतरही अंमलबजावणीवरून वाद चालूच राहिला. चौकट ज्या मालकाच्या पेपरात आहे, त्याच मालकाचं चित्र त्यात कोण काढणार!

हल्ली दोन्ही चित्रं मोबाइलवर एकाच मापाची होऊन येतात. मोठ्यातले बारकावे दिसेनासे होतात, छोट्याची ओळ कुणीतरी कापून टाकतो, आणि तारीख तर नसतेच. एखादं संपाचं चित्र असं हाती आलं तर आधी ते कुठल्या पेपरातलं, कुठल्या पानावरचं आणि कुठल्या संपाचं आहे ते शोधावं. मग ओळ झाकून बघावी. पुढे पाठवायचं की नाही, ते त्यानंतर.